मदत हवी आहे: एआय प्रॉक्टरिंगवर बंदी आहे की ते हाय-रिस्क?

रेवा_२२
टेक लॉचा पेपर आहे, विषय परीक्षेतलं एआय प्रॉक्टरिंग, म्हणजे एआयने परीक्षार्थींवर नजर ठेवणं, आणि मी पार अडकलेय. एक लेख म्हणतो बंदी आहे, दुसरा म्हणतो हाय-रिस्क आहे पण नियम पाळून वापरता येतं, आणि सर म्हणतात एकच भूमिका घे. काय धरू? लवकर सांगा प्लीज, सोमवारी सबमिशन आहे.

जुना_वकील
कुठला कायदा? सॉफ्टवेअर काय करतं? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार.

रेवा_२२
युरोपियन युनियनचा (ईयू) एआय अ‍ॅक्टच ना. आणि कॅमेऱ्यातून लक्ष ठेवतं ते सॉफ्टवेअर.

कोडवाला
टेक लॉ करायचं तर आधी पायथन शिका. मॉडेल कसं ट्रेन होतं ते माहीत नसताना कलमं पाठ करून काही होत नाही, आमच्याकडे येणाऱ्या कंप्लायन्सवाल्यांना फॉल्स पॉझिटिव्ह, म्हणजे मशीनचा चुकीचा इशारा, हेसुद्धा समजावून सांगावं लागतं.

मेघना_ल
पायथनचं कुणी विचारलंय का? रेवा, दोन्ही लेख बरोबर असू शकतात. परीक्षेत कॉपी पकडायला नजर ठेवणारं एआय अनेक्स ३ मध्ये, म्हणजे कायद्याला जोडलेल्या हाय-रिस्क वापरांच्या यादीत येतं. पण तेच चेहऱ्यावरून भावना ओळखायला लागलं की कलम ५(१)(एफ) लागतं, शिक्षणसंस्थेत आणि कामाच्या ठिकाणी बंदी, सूट फक्त वैद्यकीय किंवा सुरक्षेच्या कारणासाठी. ही बंदी २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू आहे. तुझं सॉफ्टवेअर नक्की काय मोजतं?

जुना_वकील
खरा मुद्दा जीडीपीआरचं, म्हणजे युरोपच्या डेटा संरक्षण कायद्याचं, कलम २२ आहे; ते फक्त मशीनने घेतलेल्या निर्णयांबद्दल आहे. मशीनच्या निर्णयावर विद्यार्थ्याला नापास करता येतं का, यावर लिहा.

मेघना_ल
अहो पण मशीन फक्त फ्लॅग करतं, म्हणजे संशयाची खूण करतं, निर्णय परीक्षक घेतो. मग २२ कसं लागेल?

जुना_वकील
शूफा या जर्मन क्रेडिट स्कोअर कंपनीचा खटला वाचा, डिसेंबर २०२३. पुढचा माणूस स्कोअरवरच मदार ठेवत असेल तर स्कोअर काढणं हाच निर्णय, असं युरोपच्या कोर्टाने म्हटलंय. परीक्षक फ्लॅग बघून नुसती सही करत असेल तर तेच इथे.

समीर_एन
चॅटजीपीटीला सांग, अर्ध्या तासात पेपर होतो.

मेघना_ल
आणि सायटेशन, म्हणजे दिलेले दाखले, कोण तपासणार? चॅटजीपीटी खोटे निकालही रचतं. माटा विरुद्ध एव्हियांका, २०२३, न्यूयॉर्क. अस्तित्वातच नसलेले निकाल कोर्टात दिले म्हणून वकिलांना ५,००० डॉलर दंड झालाय. मुलांना असला सल्ला देऊ नका.

रेवा_२२
नजर कुठे जाते, खोलीत दुसरं कोणी आहे का, हे बघतं. आणि चेहऱ्यावरून एक 'नर्व्हसनेस स्कोअर' देतं.

मेघना_ल
अगं हेच आधी सांगायचं ना! पहिल्या दोन गोष्टी अनेक्स ३, स्कोअर कलम ५. त्यातला स्कोअर काढून टाकला तर बाकीचं चालू शकतं, हीच तुझी भूमिका.

जुना_वकील
इतकं सोपं नाही. कायद्याच्या प्रस्तावनेतल्या रेसिटल १८ मध्ये भावना म्हणून आनंद, राग, लाज आहेत, नर्व्हसनेस नाही. वेदना आणि थकवा शारीरिक अवस्था म्हणून वगळलेत. कंपनीचा वकील यालाच धरून बसणार.

मेघना_ल
ती यादी उदाहरणादाखल आहे, तेवढ्याच भावना असं कुठे म्हटलंय? पण रेवा, हा वाद पेपरमध्ये घेच, खरं काम तिथेच आहे.

रेवा_२२
ओके, मिळालं! आणि स्कोअर कॅमेऱ्याऐवजी टायपिंगच्या पद्धतीवरून काढला तर?

मेघना_ल
बंदी बायोमेट्रिक, म्हणजे शरीराच्या किंवा वागण्याच्या खुणांवरून भावना ओळखण्यावर आहे, आणि टायपिंगची पद्धतही बायोमेट्रिकच धरतात, युरोपियन कमिशनच्या फेब्रुवारी २०२५ च्या गाइडलाइन्स बघ. काय टाइप केलं त्या मजकुरावरून काढला तर मात्र नाही.