मदत हवी आहे: गहुंज्याला कसोटीचा पूर्ण दिवस, सोबत 68 वर्षांचे बाबा आणि 7 वर्षांचा मुलगा

निवांतराव
मंडळी, ऑक्टोबरातल्या कसोटीचा एक दिवस गहुंज्याला (पुण्याजवळच्या क्रिकेट स्टेडियमवर) बघायचा बेत आहे. बाबांच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे. तिकिटं अजून काढलेली नाहीत. कोणत्या बाजूची काढू? आणि बाटली आत नेऊ देत नाहीत, तर पाण्याचं काय करायचं?

सावलीशोध्या
तिकिटं काढली नाहीत हे बरं केलंत. तिथल्या बहुतेक खुर्च्यांवर छप्पर नाही. बाबा सोबत असताना जास्तीचे पैसे मोजायचे तर ते छपरासाठीच.

ऑक्टोबरात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. म्हणून दक्षिणेच्या छपराखाली मागच्या ओळीत सावली टिकते; उत्तरेच्या छपराखाली पुढच्या ओळींना भर दुपारीही ऊन लागतं. उघड्यावरच बसायची वेळ आली तर पश्चिमेला बसा. सकाळी ऊन तोंडावर येतं, पण दुपारी ते पाठीवर जातं. पूर्वेला चहापानानंतर सूर्य थेट डोळ्यांत, चेंडूही दिसत नाही.

छत्री गेटवरच राहते. कॅपने मान भाजते, गोल काठाची सुती टोपी घ्या. एक पंचा ओला करून मानेवर, दुसरा तापलेल्या खुर्चीवर. मुलगा निळ्या जर्सीसाठी हटून बसेल. ती पॉलिएस्टरची असते, आत सुती बनियन घाला. सनस्क्रीन गाडीतून उतरण्याआधीच लावा, ट्यूब आत जाईलच असं नाही.

गोळीऔषध
पाण्याबद्दल. ऑक्टोबर 2024 मध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीत तिथे पहिल्याच दिवशी पिण्याच्या पाण्याची ओरड झाली होती. त्यामुळे ‘आत मिळेल’ यावर विसंबू नका. गेटबाहेर पोटभर पिऊन घ्या. आत गेल्यावर खुर्ची शोधायच्या आधी पाणी कुठे आहे ते बघा. उन्हात दर अर्ध्या तासाला साधारण 200 मिलीचा एक पेला, तहान लागायची वाट न बघता.

ओआरएसमध्ये हमखास होणारी चूक: 20.5 ग्रॅमचं पाकीट 1 लिटरसाठी असतं, लोक ते एका पेल्यात ओततात. इतकं तीव्र द्रावण पोट बिघडवतं आणि मीठही भलतंच जातं. पेल्यासाठी 200 मिलीची छोटी पाकिटं मिळतात, ती घ्या. बाबांनी मात्र ओआरएस सरबतासारखं पीत बसू नये. जेवण नीट होत असेल तर साधं पाणी पुरतं.

गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा. लघवीला जावं लागेल म्हणून ती परस्पर चुकवू नका, आणि पाणीही तोडू नका. औषधांच्या पिशवीत डॉक्टरांची चिठ्ठी असू द्या.

निवांतराव
धन्यवाद दोघांनाही! बाबांना त्रास व्हायला लागला तर ओळखायचं कसं?

गोळीऔषध
डोकं जड, मळमळ, पायात गोळे आले की लगेच सावलीत न्या, पाय थोडे उंच, घोट घोट पाणी. बोलण्यात गोंधळ आणि अंग तापलेलं असेल तर तो उष्माघात, मग घाम येत असला तरी. कर्मचाऱ्याला हाक मारा, 108 लावा आणि मदत येईपर्यंत अंगावर पाणी टाकून वारा घाला. मान, काखा, जांघा आधी. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका, श्वासनलिकेत जातं.

पॉइंटचाफिल्डर
साडेअकराला उपाहार होतो आणि सगळे एकदम खायला आणि स्वच्छतागृहाकडे उठतात. तुम्ही अकराला तरी जा, नाहीतर बारा दहाला खेळ सुरू झाल्यावर. उठायचं ते षटक संपल्यावर, नाहीतर मागचे ओरडतात (रास्तच आहे).

मुलाच्या खिशात स्टँड, गेट, खुर्ची क्रमांक आणि तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. गर्दीत फोन लागेलच असं नाही, म्हणून चुकामूक झाली तर भेटायची जागा आत शिरतानाच ठरवा. त्याला आवाजाचा त्रास होत असेल तर इअरमफ.

निघताना एक तर शेवटची चार-पाच षटकं सोडा, नाहीतर खेळ संपल्यावर अर्धा तास बसून राहा. 4 जून 2025 ला बंगळुरूत 11 जणांचा जीव गेला तो स्टेडियमच्या गेटांबाहेरच्या चेंगराचेंगरीत. रेटा आला तर मूल कडेवर, मोकळा हात छातीसमोर आडवा, आणि प्रवाहाच्या उलट न जाता तिरकं सरकत कडेला. भिंत किंवा बॅरिकेडला मात्र टेकू नका. खाली पडलेली चप्पल तिथेच सोडा.

सावलीशोध्या
एक राहिलं. लोकलने येणार असाल तर बेगडेवाडी किंवा देहूरोड, पण पुढे रिक्षा लागते. गाडी आणलीत तर पार्किंगपासून गेटपर्यंत बरीच चाल आहे. बाबांना आणि मुलाला गेटजवळ सोडता येतं का ते बंदोबस्तावरच्या पोलिसांना विचारा, मग गाडी लावायला जा.