मदत हवी आहे: व्हिफ–ए३जी युबिक्विटिन ब्लॉटमध्ये कंट्रोल लेनलाही स्मिअर

चिमटा_पिपेट:
एचआयव्ही-१ चं व्हिफ हे प्रथिन पेशीतल्या ए३जी (अपोबेक३जी) या विषाणूरोधक प्रथिनावर युबिक्विटिन (नष्ट करायची खूण म्हणून चढणारं छोटं प्रथिन) चढवतं, ते २९३टी या मानवी पेशींत दाखवायचं आहे. सहा वेलची प्लेट. दर वेलला प्लाझ्मिड (एचए, मिक हे प्रथिनांना जोडलेले ओळखीचे टॅग): ए३जी-एचए १ मायक्रोग्रॅम, व्हिफ-मिक १ मायक्रोग्रॅम, युबिक्विटिन-मिक ०.५ मायक्रोग्रॅम. व्हिफ नसलेल्या वेलमध्ये त्याऐवजी रिकामा व्हेक्टर. ट्रान्सफेक्शननंतर रात्रभर एमजी१३२ (पेशीतलं प्रथिनं नष्ट करणारं यंत्र, प्रोटिअसोम, थांबवणारं रसायन; १० मायक्रोमोलर), ४८ तासांनी एनपी-४० या सौम्य डिटर्जंटच्या बफरमध्ये लायसिस (पेशी फोडणं), एचए आयपी (एचएच्या अँटिबॉडीने प्रथिन वेचणं), मिकच्या अँटिबॉडीने ब्लॉट.

अडचणी दोन. एक, व्हिफ नसलेल्या लेनमध्येही ७० केडीएच्या (किलोडाल्टन, प्रथिनाचं वजन) वर जवळपास तेवढाच स्मिअर (युबिक्विटिन चढलेल्या प्रथिनांचा पसरट डाग). दोन, व्हिफच्या लेनमध्ये २५ केडीएच्या आसपास ठसठशीत बँड आहे, तो कुणाचा ते कळत नाही. शिवाय ५० च्या जागी एवढा जाड पट्टा येतो की ए३जी दिसतच नाही. एमजी१३२ वाढवू का?

गोठणबिंदू:
एमजी१३२ वाढवू नका, उलट वेळ कमी करा. लायसिसच्या आधी ५-६ तास पुरे. रात्रभर ठेवलं की मुक्त युबिक्विटिन संपतं, पेशी ताणाखाली जातात आणि दिसेल त्या प्रथिनाचा स्मिअर येतो.

२५ चा बँड म्हणजे व्हिफच. व्हिफलाही मिक, युबिक्विटिनलाही मिक. व्हिफ ए३जीला धरून आयपीत आलं आणि मिक अँटिबॉडीने ते दाखवलं. बँड एकवेळ ओळखू येतो, खरा घोळ वर आहे: व्हिफवर स्वतःवरही युबिक्विटिन चढतं, म्हणजे त्या लेनमधला स्मिअर ए३जीचा की व्हिफचा हे या ब्लॉटवरून सांगताच येणार नाही. आणि याच मुद्द्यावर वाद झालेला आहे. लायसिन (युबिक्विटिन ज्यावर चढतं ते अमिनो आम्ल) काढून टाकलेलं ए३जीसुद्धा व्हिफमुळे नष्ट होतं, असं २००८ मध्ये छापून आलं. २००९ मध्ये ए३जीच्या २९७, ३०१, ३०३ आणि ३३४ या लायसिनांकडे बोट दाखवलं गेलं. तेव्हा आधी युबिक्विटिनचा टॅग बदला, मिकऐवजी फ्लॅग घ्या.

कंट्रोल लेनमधल्या स्मिअरचं कारण सौम्य लायसिस. ए३जी आरएनएला चिकटून मोठ्या गठ्ठ्यांत राहतं. एनपी-४० मध्ये तो अख्खा गठ्ठा आयपीत येतो आणि सोबतच्या प्रथिनांवरचं युबिक्विटिन ए३जीच्या खात्यात जमा होतं. आरनेजने (आरएनए तोडणाऱ्या एन्झाइमने) थोडं कमी होईल, पण खरा उपाय उकळणं:

पेशी थंड पीबीएसने धुवा, त्यात १० मिलिमोलर एनईएम (डीयूबी, म्हणजे युबिक्विटिन काढून टाकणारी एन्झाइम, बंद करणारं रसायन). मग १०० मायक्रोलिटर बफर: १% एसडीएस, ५० मिलिमोलर ट्रिस पीएच ७.५, १५० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, १० मिलिमोलर एनईएम. लगेच ९५ अंशांवर १० मिनिटं. डीएनएमुळे शेंबडासारखं चिकट होईल. सोनिकेट करा, नाहीतर २६ गेजच्या सुईतून काढा. मग १% ट्रायटनचा बफर ९०० मायक्रोलिटर घाला, म्हणजे एसडीएस ०.१% वर येईल. ही पायरी गाळली तर आयपीची अँटिबॉडीच निकामी होते. सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव एचए बीड्सवर.

एनईएम दर वेळी इथेनॉलमध्ये ताजं करा, पाण्यात ते टिकत नाही. त्याच बफरमध्ये डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथेनॉल नको, दोन्ही एनईएमला खाऊन टाकतात. एनईएम नसेल तर उकळेपर्यंतच्या वेळात डीयूबी साखळ्या कापून मोकळे होतात.

सेंट्रिफ्यूजवाली:
५० चा जाड पट्टा आयपीच्या अँटिबॉडीच्या हेवी चेनचा (तिच्या मोठ्या साखळीचा). ए३जी ४६ केडीएचं, त्यामुळे ते बरोब्बर त्याच्या पोटाखाली जातं. लाइट चेनच (लहान साखळी) ओळखणारी सेकंडरी अँटिबॉडी घ्या, किंवा आयपी एका प्राण्याच्या अँटिबॉडीने आणि ब्लॉट दुसऱ्याच्या.

कंट्रोल मात्र अपुरे आहेत. रिकामा व्हेक्टर ठेवाच, पण खरा कंट्रोल म्हणजे व्हिफचा एसएलक्यू→एएए म्युटंट (१४४-१४६ ही अमिनो आम्लं बदललेला): ए३जीला धरतो, पण इलाँगिन-सीला धरत नाही, म्हणून युबिक्विटिन चढवणाऱ्या यंत्रणेतलं कलिन-५ येतच नाही. उलट्या बाजूने ए३जीचा डी१२८के म्युटंट. एचआयव्ही-१ चं व्हिफ त्याला पकडू शकत नाही. दोन्ही लेनमध्ये शिडी (युबिक्विटिन चढलेल्या ए३जीचे एकावर एक बँड) पडली नाही तरच निष्कर्षाला अर्थ. एमएलएन४९२४ (१ मायक्रोमोलर) जोडीला चालेल, पण ते सगळ्याच कलिनांचं नेडायलेशन (कलिन चालू करणारा बदल) थांबवतं, त्यामुळे एकट्यावर भिस्त नको.

व्हिफचा टॅग सी-टोकालाच आहे ना? ए३जीला धरणारे भाग एन-टोकाकडे आहेत. आणि कोडॉन-ऑप्टिमाइझ्ड (मानवी पेशींसाठी जनुकाचा क्रम बदललेलं) व्हिफ आहे ना? मूळ क्रमाचं व्हिफ रेव्ह या एचआयव्हीच्याच दुसऱ्या प्रथिनाशिवाय धड तयार होत नाही.

चिमटा_पिपेट:
दोन्ही हो. लॅबमध्ये हिस-युबिक्विटिनही आहे (हिस टॅग निकेलला चिकटतो). फ्लॅगऐवजी ते वापरून निकेल-एनटीए बीड्सवर वेचू का?

गोठणबिंदू:
करा, ते जास्त स्वच्छ. ६ मोलर ग्वानिडिन, पीएच ८, १० मिलिमोलर इमिडाझोल; धुणं ८ मोलर युरियात, आधी पीएच ८, मग ६.३. ब्लॉट एचएने करायचा, म्हणजे व्हिफ-मिकचा प्रश्नच मिटतो. हिस-युबिक्विटिन न घातलेली लेन हवीच, कारण साधं ए३जीही थोडं निकेलला चिकटतं. इनपुटसाठी (वेचण्याआधीच्या नमुन्यासाठी) पेशींचा वेगळा हिस्सा आधीच एसडीएस बफरमध्ये काढून ठेवा. ग्वानिडिनचा नमुना थेट सॅम्पल बफरमध्ये टाकलात तर पांढरा साका बसतो आणि जेलचा सत्यानाश होतो.

सेंट्रिफ्यूजवाली:
त्याआधी एमजी१३२ न घालता व्हिफ ०, ५०, १००, २५०, ५०० नॅनोग्रॅम असं टायट्रेट करा, प्लाझ्मिडची एकूण मात्रा रिकाम्या व्हेक्टरने सारखी ठेवून. ए३जी जेमतेम निम्मं उतरतं ती मात्रा आयपीसाठी घ्या. शिडीची तुलना करताना आयपीत आलेल्या साध्या ए३जीने भागा.