शब्दचर्चा : साठवणीच्या चाचण्यांतला ‘इंडेक्स’ – सूची, अनुक्रमणिका की निर्देशांक?

प्रश्न :
आवृत्ती-नियंत्रण प्रणालीच्या (फाइलींमधले बदल नोंदवून जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) चाचण्यांची वर्णनं मराठीत लिहितो आहे. मर्क्युरिअल या अशाच एका प्रणालीत फाइल-साठवणीच्या चाचण्यांचे तीन गट आहेत : इंडेक्सच्या चाचण्या, आशयाच्या चाचण्या आणि नवी भर घालण्याच्या चाचण्या. पहिल्याच गटाच्या नावाशी अडलो. अनुक्रमणिका, निर्देशांक, सूची हे तिन्ही शब्द कोशात सापडतात. ‘साठवण निर्देशांक वैशिष्ट्य चाचणी’ असं शब्दाला शब्द लावून लिहिता येईल, पण वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागणार नाही. कोणता शब्द घ्यावा, आणि का?

प्रतिसाद :
‘निर्देशांक’ आधी बाजूला ठेवा. महागाई आणि शेअर बाजाराच्या बातम्यांनी तो शब्द पुरता व्यापला आहे. तो ऐकला की वर-खाली होणारा एक आकडा डोळ्यांपुढे येतो. इथे तसं काहीच नाही.

उरले दोन. पुस्तकाच्या सुरुवातीला अनुक्रमणिका असते, शेवटी सूची. अनुक्रमणिका पुस्तकाचा क्रम सांगते. सूचीकडे आपण एखादं नाव घेऊन जातो आणि ते कोणत्या पानावर आहे ते विचारतो.

आता मर्क्युरिअलचा इंडेक्स काय करतो ते पाहा. एका फाइलचा सगळा इतिहास ‘रेव्हलॉग’मध्ये राहतो. त्याचे दोन भाग : एक इंडेक्स, दुसरा प्रत्यक्ष मजकूर. (इतिहास लहान असेल तर दोन्ही एकाच फाइलमध्ये ओवलेले असतात.) रेव्हलॉगच्या रूढ स्वरूपात इंडेक्समधली प्रत्येक नोंद बरोबर ६४ बाइटची असते. मजकूर कुठून सुरू होतो त्यासाठी ६ बाइट, खुणांसाठी २, मग चार-चार बाइटचे सहा आकडे : दाबून ठेवलेल्या मजकुराची लांबी, उलगडल्यावरची लांबी, फरक कोणत्या आवृत्तीवर रचले आहेत तो पाया, कोणत्या बदलसंचाशी (एकत्र नोंदवलेल्या बदलांशी) नातं आहे तो दुवा, आणि दोन जनक, म्हणजे ज्यांवरून ही आवृत्ती झाली त्या आधीच्या आवृत्त्या. शेवटच्या ३२ बाइटमध्ये आवृत्तीची ओळख; शा-१ (मजकुरावरून ठरावीक लांबीची ओळख काढणारी पद्धत) वापरताना त्यातले २० भरतात, बाकी मोकळे राहतात. यात मजकुराचं एक अक्षरही नाही. कुठे आहे, किती आहे, कोणापासून आलं, एवढंच. म्हणून माझं मत ‘सूची’.

प्रतिसाद :
थोडा विरोध. त्या नोंदी एकामागोमाग एकच लिहिल्या जातात. ०, १, २ असा क्रम असतो आणि नवी नोंद नेहमी शेवटी जोडली जाते. अकारविल्हे लावणी नाही. मग ‘अनुक्रमणिका’ का नको? शब्दातच ‘अनुक्रम’ आहे.

प्रतिसाद :
आक्षेप रास्त आहे, पण तो नोंदी कशा लिहिल्या जातात याबद्दल आहे. इंडेक्सला काय विचारलं जातं यावरून शब्द ठरवू, आणि ते चाचण्यांमध्ये लिहिलेलंच आहे. या चाचण्या एका विशिष्ट साठवणीला बांधलेल्या नाहीत, हे त्यांचं मोठं मोल. रेव्हलॉगच्या जागी कोणी एसक्यूलाइट या डेटाबेसवर साठवण उभी केली, तरी तिलाही याच चाचण्या लागू. तिथे ६४ बाइटच्या नोंदी नसतील, फाइलच्या शेवटी जोडणंही नसेल. तरी इंडेक्स म्हणून जे वचन आहे ते पाळावंच लागतं : ओळख दिली की क्रमांक मिळाला पाहिजे, क्रमांक दिला की ओळख, आणि दोन्हींवरून जनक.

शिवाय क्रमांक हा फक्त साठ्याच्या त्या एका प्रतीपुरता खरा असतो. दुसऱ्या प्रतीत बदल वेगळ्या क्रमानं पोचले तर तीच आवृत्ती ५ ऐवजी ७ क्रमांकावर बसेल. ओळख मात्र बदलत नाही, कारण ती जनकांच्या ओळखी आणि मजकूर यांवरूनच काढलेली असते. जो क्रम प्रतीगणिक बदलू शकतो त्याच्यावरून वस्तूचं नाव ठेवणं मला पटत नाही. सूचीच.

प्रश्नकर्ता :
‘सूची’ घेतो. पुढची अडचण त्याच गटातल्या पहिल्या चाचणीत आहे. तिथे ‘एम्प्टी’ आणि ‘नल’ दोन्ही येतात. मी दोन्हींना ‘रिक्त’ लिहिलं आणि वाक्यं एकमेकांत गुंतली.

प्रतिसाद :
हे दोन शब्द वेगळे ठेवलेच पाहिजेत. ती चाचणी त्यांच्यातल्या फरकावरच उभी आहे. नवी कोरी साठवण घ्या. तिची लांबी शून्य. तिच्यावरून फेरी मारली तर हाती काही येत नाही. ० क्रमांकाची ओळख मागितली तर चूक दाखवली पाहिजे, कारण ० क्रमांकाची आवृत्ती अजून जन्मलीच नाही. भलतीच ओळख देऊन क्रमांक मागितला तरी चूक. इथवर ‘रिकामी’ हा शब्द बरोबर.

पण त्याच रिकाम्या साठवणीला वजा १ क्रमांकाची ओळख विचारा. चूक येत नाही! वीस बाइट शून्यांची ओळख परत मिळते. उलट विचारा, त्या शून्यांच्या ओळखीचा क्रमांक वजा १ मिळतो. तिचे जनक विचारले तर तीच स्वतः, दोनदा. वजा २ विचारलं की मात्र पुन्हा चूक. म्हणजे ‘नल’ ही रिकामी जागा नव्हे. प्रत्येक इतिहासाच्या आधी मानलेली ती एक आवृत्ती आहे. साठवणीत नसते, लांबीत मोजली जात नाही, तरी विचारल्यावर उत्तर देते. पहिल्या खऱ्या आवृत्तीचे जनक म्हणून तीच उभी राहते. मी तिला ‘शून्य-आवृत्ती’ म्हटलं असतं, पण क्रमांक ० ची आवृत्ती वेगळीच असल्यामुळे घोटाळा अटळ. ‘आदिपूर्व आवृत्ती’ नेमकं आहे, पण जड. तुमच्या वर्णनात ‘नल आवृत्ती’ असंच ठेवा आणि पहिल्या वेळी एक ओळ समजावून लिहा.

‘रिक्त’पेक्षा ‘रिकामी’ बरं, एवढीच आणखी सूचना. रोज बोलण्यातला शब्द असताना सरकारी शब्द कशाला?

प्रतिसाद :
‘हेड’ आलंच असेल. कृपा करून ‘डोके’ किंवा ‘शीर्ष’ लिहू नका. ज्या आवृत्तीला पुढे मूल नाही ती हेड, म्हणजे ‘टोक’. ० पासून १, १ पासून २, आणि पुन्हा ० पासूनच ३ फुटली, तर टोकं दोन : २ आणि ३. ० ची मुलं १ आणि ३. २ आणि ३ यांचा सर्वांत जवळचा सामाईक पूर्वज ०. ‘शीर्ष’ म्हटलं की एकच आणि सर्वांत वरचं असं वाटतं, आणि अनेक टोकांची चाचणी वाचकाला विसंगत वाटायला लागते. रिकाम्या साठवणीचं टोक विचारलं तर नल आवृत्तीच मिळते, हेही याच शब्दात सहज सांगता येतं.

प्रश्नकर्ता :
‘टोक’ आवडला. मग गिट या दुसऱ्या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीतल्या इंडेक्सलाही ‘सूची’च म्हणू का? एकसारखेपणा राहील.

प्रतिसाद :
नको. गिटमध्ये इंडेक्स हा शब्द दोन वेगळ्या वस्तूंना लागतो. पॅकफाइलला (साठवलेल्या अनेक वस्तू एकत्र बांधणाऱ्या फाइलला) जोडलेला इंडेक्स वस्तूची ओळख घेऊन ती पॅकमध्ये कुठे आहे ते सांगतो. त्याच्या आत ओळखीच्या पहिल्या बाइटप्रमाणे विभागलेला २५६ खणांचा तक्ता असतो. ती अस्सल सूची. पण ज्याला रोजच्या बोलण्यात ‘इंडेक्स’ म्हणतात ती पुढच्या कमिटची, म्हणजे बदलांच्या पुढच्या नोंदीची, मांडून ठेवलेली तयारी. त्या फाइलची सुरुवात ‘डीआयआरसी’ या चार अक्षरांनी होते, म्हणजे डायरेक्टरी कॅश. गिटच्या आज्ञांमधला ‘कॅश्ड’ हा जुना पर्याय त्यातूनच उरला आहे. तिला मी ‘तयारी-पट’ म्हणेन. दोन्हींना सूची म्हटलं तर दोन निराळ्या चाचण्या एकच वाटतील.

प्रश्नकर्ता :
शेवटचं. ‘ही आवृत्ती सेन्सॉर केली आहे का’ अशीही एक विचारणा इंडेक्सच्याच गटात आहे. ‘काढून टाकलेली’ चालेल?

प्रतिसाद :
चालणार नाही. आवृत्ती काढून टाकलेली नसतेच. तिची नोंद, ओळख, जनक सगळं सूचीत जागच्या जागी राहतं. गेलेला असतो फक्त मजकूर, आणि त्या जागी एक खूण ठेवलेली असते. म्हणून तर ही विचारणा सूचीला करता येते. ‘मजकूर गाळलेली आवृत्ती’ लिहा.