शिलाई मशीनसाठी वर्षभरात 36 हजार साठवायचेत. आरडी, भिशी की अजून काही?

दोरा_रीळ
नमस्कार मंडळी. नाशिकला सिडकोत राहते, घरीच शिवणकाम करते. ब्लाउज, ड्रेस, फॉल-पिको. सध्या पायमशीनला मोटर लावून भागवते. आता पॉवर मशीन घ्यायची आहे. टेबल, स्टँड, सर्वो मोटर धरून दुकानदाराने 27 हजार सांगितलेत. उरलेल्यात साधी ओव्हरलॉक, म्हणजे कापडाच्या कडा मारायची मशीन. कर्ज नको, मिस्टरांच्या गाडीचा हप्ता अजून चालू आहे. महिन्याला सरासरी 3,000 बाजूला काढू शकते, त्यात लाडक्या बहिणीचे 1,500 धरलेत. अडचण अशी की कमाई सारखी नसते. लग्नसराईत आणि दिवाळीआधी मान वर करायला फुरसत नाही, आषाढात आणि पौषात हात रिकामे. पैसे कुठे ठेवू? कृपया 3,000 च्या वरचं काही सुचवू नका.

कडक_चहा
5,000 ची एसआयपी लावा इंडेक्स फंडात आणि विसरून जा. माझी 2020 पासून चालू आहे, आकडा सांगितला तर विश्वास बसणार नाही.

हिशोबवही
चहावाले, ताईंनी 3,000 लिहिलंय आणि वर्षाने मशीन घ्यायची आहे. नेमका त्याच महिन्यात बाजार पडलेला असला तर काय करायचं? सरळ बँकेची आरडी काढा. 3,000 महिना, 12 महिने, साडेसहा टक्के धरले तर व्याज पावणेतेराशेच्या आसपास. श्रीमंत होणार नाही, पण पैसे जागेवर राहतील.

अण्णा_मिरजकर
पोस्टात आरडी काढा. सरकारी हमी. आमच्या तिन्ही मुलांची शिक्षणं पोस्टाच्या पासबुकावर झाली. हल्लीच्या पिढीला रांगेत उभं राहायला नको असतं.

हिशोबवही
अण्णा, पोस्टाची आरडी 5 वर्षांची असते. 3 वर्षं व्हायच्या आत बंद करता येत नाही. 12 हप्ते भरल्यावर फार तर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, आणि ताईंना कर्जच नकोय.

अण्णा_मिरजकर
शिस्त लागते म्हणून सांगितलं. पुढे तुमची मर्जी.

अबोली_के
सोनाराकडे 11 हप्त्यांची योजना असते ना, शेवटचा हप्ता बरेच सोनार स्वतः घालतात. माझ्या बांगड्या तशाच झाल्या. सोनं कधी वाया जात नाही.

शेवग्याची_शेंग
पण त्या योजनेतून शेवटी दागिनाच घ्यावा लागतो. मजुरी द्या, 3 टक्के जीएसटी द्या आणि मग मशीनसाठी तोच दागिना मोडायला न्या? असो. मी म्हणेन पतसंस्था बघा, बँकेपेक्षा टक्का-दीड टक्का जास्त मिळतो.

पत्र्याची_चाळ
पतसंस्थेचं नावही काढू नका. आमच्या मामांचे पैसे अडकलेत, फलकावर संचालकांचे फोटो मात्र अजून झळकतायत. बँक बुडाली तर 5 लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेला ते नाही. आणि भिशी तर अजिबात नको. आमच्याकडे भिशी चालवणाऱ्या बाई निम्मे नंबर व्हायच्या आतच खोली सोडून गेल्या. पावती नाही, सही नाही, पोलिसांना दाखवणार काय?

मोटर_मेकॅनिक_63
पैशांचं बाकीचे सांगतीलच. सर्वो मोटरच घ्या, क्लचवाली स्वस्त मिळते म्हणून भुलू नका. क्लच मोटर पाय उचलला तरी आत फिरत राहते, बिल वाढतं, वर घरभर आवाज. सर्वो थांबली की थांबली.

कापड_बाजार
क्लच मोटर वीस-वीस वर्षं चालते हो. सर्वोचा बोर्ड गेला की हजारोंचा फटका. आमच्या वर्कशॉपला सगळ्या क्लचच आहेत.

मोटर_मेकॅनिक_63
तुमच्या वर्कशॉपचं बिल मालक भरतो. ताईंचं बिल ताई भरणार.

कापड_बाजार
मालक मीच आहे.

कडक_चहा
ते लाडक्या बहिणीचे 1,500 हिशोबात धरूच नका. कधी दोन महिन्यांचे एकदम येतात, कधी येतच नाहीत. मुळात सरकारने…

अबोली_के
झालं सुरू. राजकारणाला दुसरा धागा काढा.

पत्र्याची_चाळ
पण मुद्दा बरोबर आहे. धरू नका.

उसवण
मी पण घरीच शिवते, इचलकरंजीला. ताई, तुमची अडचण व्याजाची नाहीच आहे, हप्त्याची आहे. आरडीत दर महिन्याला ठरलेली रक्कम लागते, आपला पौष काय ठरल्याप्रमाणे चालतो का? हप्ता चुकला की दंड. म्हणून मी पिग्मी भरते. बँकेचा माणूस दारावर येतो, हातात 50 असले तर 50, गिऱ्हाइकाने आजच ब्लाउज नेला असेल तर 300. वर्षअखेरी एकरकमी काढते. व्याज कमी मिळतं आणि मुदतीआधी मोडलं तर वरून काही कापतात, हे खरं. पण गल्ल्यातले पैसे संध्याकाळी भाजीला जातात, पिग्मीत गेलेले परत येत नाहीत. फक्त बँकेचीच घ्या, पतसंस्थेची नको, आणि एजंट समोर असतानाच नोंद तपासा.

दुसरं, पीएम विश्वकर्मात अर्ज केलात का? 18 व्यवसायांत शिंपीकाम आहे. 5-7 दिवसांचं प्रशिक्षण, रोजचे 500 रुपये भत्ता आणि अवजारांसाठी 15,000 चं ई-व्हाउचर. पुढे 5 टक्क्यांनी 1 लाखापर्यंत कर्जही मिळतं, ते घेतलंच पाहिजे असं नाही. घरटी एकालाच मिळतं. आपले सरकार केंद्रवाल्याकडे नाही, सीएससीत (कॉमन सर्व्हिस सेंटरमध्ये) जा.

हिशोबवही
पिग्मीपेक्षा वेगळं बचत खातं काढा. त्याला यूपीआय जोडू नका, एटीएम कार्ड घेऊ नका. परिणाम तोच, एजंट नको.

उसवण
वेगळ्या खात्यात पैसे टाकायला मुद्दाम आठवण ठेवावी लागते. एजंट दारात उभा राहतो.

जुना_खातेदार
सगळे इतके सल्ले देताय, मशीन ईएमआयवर का नाही घेत? नो कॉस्ट मिळते. आज घेतली तर आजपासून कमाई, हप्ता मशीनच फेडेल. मी फ्रिज, टीव्ही, मोबाइल सगळं तसंच घेतलं.

शेवग्याची_शेंग
प्रोसेसिंग फी आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, याला नो कॉस्ट म्हणतात होय? शिवाय फ्रिज कमावतो काय?

जुना_खातेदार
मशीन कमावते म्हणून तर म्हणालो! वाचा नीट.

लोणार_ते_लंडन
इथे आम्ही बजेटचं ॲप वापरतो. पगार आला की 50-30-20 अशी विभागणी करा. गरजा, हौस, बचत.

उसवण
दादा, पगार येतच नाही. तोच तर प्रश्न आहे.

अण्णा_मिरजकर
पोस्टाचा आजही 6.7 टक्के दर आहे. सहज सांगतो.

दोरा_रीळ
सगळ्यांचे आभार. मंडळी रागावू नका, मी भिशी लावली. गल्लीतल्याच बारा जणी, 3,000 ची. आश्विनातला नंबर मला बोलून ठरवून घेतला, बाकी बऱ्याच जणींना लग्नसराईतला हवा होता. म्हणजे मशीन दिवाळीच्या कामाला हाताशी येईल, वर्ष थांबायला नको.

खात्यात पैसे असले की घरात सगळ्यांना माहीत असतात. दिराची फी, सासूबाईंचा चष्मा, गाडीचा टायर. नाही म्हणता येत नाही, आणि म्हटलं तर महिनाभर ऐकावं लागतं. भिशीचे पैसे कोणी मागत नाही. बायकांचे आहेत म्हटलं की विषय संपतो. आणि पौषात हप्ता चुकवायची मलाच लाज वाटेल, पाण्याला रोज त्याच नळावर जायचंय. आषाढ-पौषाचे दोन हप्ते आधीच डब्यात काढून ठेवलेत. विश्वकर्माचा अर्ज भरला. व्हाउचर मिळालं तर ओव्हरलॉक त्यातून. नाही मिळालं तर सध्या पिको मशीनवर कडा मारते तशाच मारीन.

सर्वो मोटरच घेणार आहे. मोटरवाल्या दादांना धन्यवाद.

पत्र्याची_चाळ
म्हणजे वर सांगितलेलं कोणी वाचलंच नाही. निदान वही घाला, दर महिन्याला कोणी किती दिले, कोणाला मिळाले, सगळ्यांच्या सह्या. तुमचा नंबर आधी आहे म्हणून तुम्हाला धोका कमी, शेवटच्या दोघींचा विचार करा.

दोरा_रीळ
वही माझ्याचकडे आहे. सह्यांचं आजच सांगते.

कापड_बाजार
सर्वोचा बोर्ड जाईल तेव्हा या.

उसवण
पायमशीन विकू नका. वीज गेली की तीच कामाला येते.

नवीन_सभासद_ना
धागा उशिरा बघितला. पोस्टाच्या आरडीचा विचार केलात का? आणि मीही नाशिकचीच, अस्तराच्या बोटनेक ब्लाउजची शिलाई किती घेता?

दोरा_रीळ
450, हुक आणि लटकन धरून. दिवाळीचे असतील तर नवरात्राच्या आत आणून द्या, नंतर मी घेत नाही.