डिफरन्शियलचा माउंट गळतो म्हणून गाडी सोडायची?

तेलकट_हात:
काल इथे एकाने बघून आलेल्या जुन्या गाडीबद्दल विचारलं, तर दुसऱ्याने ठणकावून लिहिलं, "जुन्या स्पोर्ट्स कारखाली डिफरन्शियलपाशी ओल दिसली की डिफरन्शियल संपलं, गाडी घेऊच नका." खाली तिघांनी "अगदी बरोबर" म्हटलं. मला राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

रिअर व्हील ड्राइव्हच्या काही गाड्यांत डिफरन्शियलला (इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरांच्या डब्याला) सबफ्रेमशी, म्हणजे गाडीखालच्या धातूच्या चौकटीशी, धरून ठेवणारा मोठा रबरी बुश, म्हणजेच माउंट, आतून पोकळ असतो आणि त्या पोकळीत द्रव भरलेला असतो. थरथर जिरवण्यासाठी. रबर जुनं होऊन चिरलं की द्रव बाहेर येतो, धूळ धरून काळा पडतो आणि डिफरन्शियलवरून ओघळतो. बघणाऱ्याला वाटतं ऑइलच. अहो, बोट लावून वास तरी घ्या! गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, हात धुऊनही जात नाही. बुशमधल्या द्रवाला तसा वास नसतो. तरी शंका असेल तर गाडी सपाटीवर घेऊन फिलर प्लग (तेल भरायच्या भोकाचं बूच) उघडा. तेल भोकाच्या काठाशी असेल तर गळतंय ते बहुधा डिफरन्शियल नव्हे. शंभरातला एक सुटा भाग खराब झाला म्हणून चांगली गाडी हातची घालवायची?

मागचं_चाक:
वास घेऊन निदान मीही केलं होतं. "माउंटच आहे" म्हणत आठ महिने गाडी चालवली. माउंट गळत होता हे खरंच, पण पुढे पिनियनचं (इंजिनाकडची ताकद डिफरन्शियलमध्ये आणणाऱ्या लहान गिअरचं) सीलही गळत होतं आणि ते तेल वाऱ्याने मागे येऊन त्याच ओलीत मिसळत होतं. कळलं तेव्हा डिफरन्शियल रडायला लागलं होतं. उघडलं तर क्राउन (पिनियन फिरवतो तो मोठा गिअर) आणि पिनियनचे दात खाल्लेले. तेव्हा "चिंता नको" असं सरसकट लिहू नका. तुमचं वाचून कुणीतरी आठ महिने थांबेल.

तेलकट_हात:
"चिंता नको" असं मी लिहिलेलंच नाही. आणि आठ महिन्यांत एकदाही फिलर प्लग उघडला नाहीत, हा माझ्या सल्ल्याचा दोष कसा?

घरचं_गॅरेज:
भांडता कशाला, बुश बदलून मोकळे व्हा. मी पॉलीयुरेथेनचा (रबरापेक्षा कडक प्लास्टिकचा) टाकला. जुना प्रेसने हलेना, म्हणून गॅसच्या ज्योतीने रबर जाळून काढलं. तासाभराचं काम.

रबरच_बरं:
जाळलं?? सबफ्रेम गाडीखालीच असताना? वर पेट्रोलची टाकी, शेजारून ब्रेकच्या नळ्या! माझ्या ओळखीतल्या एकाने हेच केलं. पेटतं रबर ठिबकून खालच्या तेलकट चिंध्यांवर पडलं. बादलीभर वाळू जवळ होती म्हणून निभावलं. धूर छातीत गेला तो वेगळाच. रबराला भोकं पाडून करवतीने कापता येतं. वेळ लागेल, लागू दे.

घरचं_गॅरेज:
मी सबफ्रेम उतरवून मोकळ्या जागेत केलं.

रबरच_बरं:
मग ते आधी लिहायचं! अर्धवट सल्ल्यानेच अपघात होतात. आणि पॉली टाकल्यावर आवाज कसा आहे, तेही लिहा की.

घरचं_गॅरेज:
आवाज वाढला. हायवेला एका वेगात घुमतो. पण गॅस सोडताना आणि देताना जो ठक्क आवाज यायचा, तो गेला.

रबरच_बरं:
तो घुमणारा आवाज पॉलीचा नाही. गिअरांचा आवाज आधीही होताच, रबर तो जिरवत होतं. मी हा प्रकार वर्षभर सोसला. लांबच्या प्रवासात डोकं भणभणायचं. शेवटी पुन्हा रबराचा बसवला. रोज चालवायच्या गाडीत कडक बुश घालायचा कशाला?

ट्रॅकचा_रविवार:
रोजच्या गाडीपुरतं मान्य. ट्रॅकवर मात्र रबराचा माझा दुसऱ्या हंगामातच फाटला. आणि किट घेण्याआधी बघा, काहींत जुन्या बुशचं धातूचं कवच सबफ्रेममध्येच ठेवावं लागतं. मी ते कापून काढलं आणि नवा बुश ढिला बसला. दोन दिवस वाया.

मागचं_चाक:
मूळ प्रश्न राहिला बाजूलाच. पिनियन सीलचं काय?

तेलकट_हात:
तेच सांगतो. खालचा भाग धुऊन पूर्ण कोरडा करा, थोडं चालवा, मग ओल कुठून सुरू होते ते बघा. ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं भोक) चोंदलेला नाही ना तेही बघा. आत दाब साठला की चांगलं सीलही तेल सोडतं. आणि पहारीने डिफरन्शियल हलकंच उचलून पाहा. बुश फाटून सैल हलत असेल तर लगेच बदला, कारण प्रत्येक धक्का शाफ्टच्या जॉइंटवर जातो. नुसता द्रव गेलाय आणि रबर धरून आहे, तर सवडीने. पण धुऊन बघायचं मी पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, तेवढं तुमचं बरोबर.

मागचं_चाक:
ठीक. फक्त माउंट असेल तर गाडी सोडू नका, एवढं मीही मान्य करतो. पण धुऊन पाहिल्याशिवाय "माउंटच" म्हणू नका. आणि विकणाऱ्याने खालचा भाग चकचकीत पुसून ठेवला असेल, तर लांब फेरी मारून पुन्हा खाली वाका.

नवीन_घेतोय:
ज्या गाडीवरून हे सुरू झालं ती मीच बघून आलो होतो. आज परत गेलो. खालचा भाग पुसला, तासभर चालवली. पिनियनची बाजू कोरडी, बुशच्या खालच्या कडेला नवीन थेंब. फिलर प्लग मात्र त्यांनी उघडू दिला नाही.

मागचं_चाक:
मग अजून पैसे देऊ नका.

तेलकट_हात:
इथे माझंही तेच मत.