गॅसचा नट उलटा, मग पाइपाचे आटे सुलटे कसे?

खाणावळवाला, मालवण:
नमस्कार मंडळी. घराच्या पडवीत माझी छोटी खाणावळ आहे. काल ऐन जेवणाच्या वेळी भट्टीचा सिलेंडर संपला. पितळी नट सोडवायला पाना लावला, नेहमीसारखा डावीकडे फिरवला. हलेना. खाऱ्या हवेने धरला असेल म्हणून पान्यात पाइपाचा तुकडा अडकवून जोर दिला, तर नट आणखी घट्ट आणि एक कोपरा गोल! शेवटी बायको म्हणाली, "अहो, उजवीकडे फिरवून बघा." सुटला. तोवर सुरमई अर्धी कच्ची आणि गिऱ्हाईक ताटावर.
आता सिलेंडर बाहेर ठेवून आत अर्धा इंची जीआय लाइन, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपाची, घ्यायचीय. पाइप जोडायला दुकानदार पाण्याचेच सॉकेट-एल्बो दाखवतो. गॅसला आटे उलटे लागत नाहीत का?

देवगडचा भाचा:
गॅसचं सगळंच उलटं असतं. दुकानदार फसवतोय, दुसरीकडे बघा.

मिरकरवाड्याचा वेल्डर:
भाच्या, थांब जरा. दुकानदार बरोबर आहे.
मी होड्यांची लोखंडी कामं करतो, तेव्हा दोन सिलेंडर कायम शेजारी. ऑक्सिजनचे आटे सुलटे, ॲसिटिलीनचे उलटे. रात्री बंदरावर घाईत, ओल्या हाताने, अर्धवट उजेडात काम चालतं. ऑक्सिजनचा रेग्युलेटर चुकून जळणाऱ्या गॅसवर बसला तर काय होईल, विचार करा. म्हणून तो बसूच नये अशी सोय केली. नळ्यांचे रंगही वेगळे, ऑक्सिजनची निळी, ॲसिटिलीनची लाल. पण रंग उन्हाने उडतो, आटे उडत नाहीत.
दादा, तुमच्या नटाच्या कोपऱ्यांवर बारीक खाचा असतील. खाच दिसली की उलटा नट समजायचं. आमच्या उस्तादाने पहिल्या दिवशी हेच शिकवलं, तेही मी एक नट खराब केल्यावर.
खाच झिजली असेल तर दांडा उभा धरून आटे बघा. रेघा उजवीकडे चढत गेल्या तर सुलटे, डावीकडे चढत गेल्या तर उलटे. सायकलचं डावं पायडल बघा, तेही उलट्या आट्यांचं.
पण हे सगळं सिलेंडर आणि नळीच्या जोडापुरतं, जिथे माणूस रोज काढ-घाल करतो. भिंतीवरची लाइन एकदा बसली की बसली, तिचे आटे पाण्याच्या लाइनसारखे सुलटेच.

दापोलीची सुलू:
आमच्याकडे मामाने आखातातून व्हॉल्व्ह आणला होता. अर्धा इंचीच, दोन-तीन फेरे छान बसला, मग अडकला. आट्यांवर प्लंबरची पांढरी टेप गुंडाळून गुंडाळून थकलो, गळती थांबेना. तोही उलटा असेल का?

मिरकरवाड्याचा वेल्डर:
नाही ताई, उलटा असता तर एक फेराही गेला नसता. तो अमेरिकन मापाचा असणार. अर्ध्या इंचाला इंचात १४ आटे आपल्याही मापात आणि त्यांच्याही, म्हणून सुरुवात बरी होते. पण आपल्या आट्याचा कोन ५५ अंशांचा, त्यांचा ६०. टेपने तो फरक भरत नाही. व्हॉल्व्ह बदला.
आणि दादा, टेपचं आलंच म्हणून सांगतो. सिलेंडरच्या त्या पितळी नटावर टेप अजिबात नको. तिथे गॅस आटे अडवत नाहीत, आतली बैठक अडवते, म्हणजे नट आवळल्यावर तोंडाला तोंड घट्ट टेकतं ती जागा. लाइनच्या जोडांवर टेप घ्या, गॅससाठी मिळणारी जाड. पाइपाचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा. उलटी गुंडाळली तर सॉकेट चढताना ती सुटून गोळा होते.
लाइन एजन्सीच्या माणसाकडूनच टाकून घ्या. नंतर साबणाचा फेस लावून प्रत्येक जोड बघा, काडी ओढून नव्हे.

खाणावळवाला, मालवण:
खाचा आहेत! इतकी वर्षं डोळ्यांसमोर होत्या. ज्या कोपऱ्याला पाना घसरला तिथली तेवढी गेली. हा नट असाच चालेल की बदलू?

मिरकरवाड्याचा वेल्डर:
बदला. पुढच्या वेळी पाना पुन्हा तिथेच घसरेल. आणि नवा बसवताना वहिनींना जवळ उभं करा.