निर्णय आधीच झालेला असतो, तर माझे वडील मागच्या गल्लीने का यायचे?

सातपूरची लेक
परवा इथे ‘कारणमीमांसा’ यांनी लिहिलं की माणूस काहीच निवडत नाही. जीन्स, बालपण आणि मेंदूतली रसायनं निवडतात. म्हणून दारू सोडणाऱ्याचं कौतुक करणं म्हणजे उंच माणसाला उंचीबद्दल शाबासकी देणं. हे वाचून मला रात्री झोप लागली नाही.

माझे वडील फिटर होते. सतरा वर्षं प्यायले. सोडली तेव्हा सुट्टी झाल्यावर सरळ रस्त्याने घरी यायचे नाहीत, कारण त्या रस्त्यावर गुत्ता होता. सायकल हातात धरून मागच्या गल्लीने फिरून यायचे, वीस मिनिटं जास्त चालून. पगाराच्या दिवशी आईला कारखान्याच्या गेटवर बोलवायचे आणि पाकीट न उघडताच तिच्या हातात द्यायचे. स्वतःच्या मनाचा भरवसा नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तेवढं ओळखून त्यांनी आधीच बंदोबस्त केला होता. मी स्वातंत्र्य म्हणते ते यालाच.

तुम्ही मेंदूशास्त्रज्ञ लिबेटचा 1983 चा प्रयोग पुढे केलात. मेंदूतली तयारी हालचालीच्या साधारण अर्धा सेकंद आधी दिसते आणि ‘आता हलवतो’ ही जाणीव जेमतेम 200 मिलिसेकंद आधी होते. कबूल. पण तिथे मनगट कधी हलवायचं एवढंच ठरवायचं होतं. आता हललं काय, नंतर हललं काय, कोणाचं घर मोडत नाही. वडिलांचा निर्णय अर्ध्या सेकंदाचा नव्हता.

कारणमीमांसा
ताई, तुमच्या वडिलांचा अपमान करायचा नव्हता. लिबेट बाजूला ठेवू. 2012 मध्ये शुर्गर या मेंदूसंशोधकाने आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ती ‘तयारी’ म्हणजे मेंदूतले आपोआप होणारे चढउतारही असू शकतात. माझा मुद्दा त्या प्रयोगावर उभाच नाही. मागच्या गल्लीने जायची बुद्धी वडिलांना कुठून झाली? गेटवर येणारी बायको होती म्हणून? ज्याला ती नसते त्याने काय करायचं?

माझ्या आईला अख्खी गल्ली कजाग म्हणायची. ताट आपटायची, रात्री दोनला उठून भांडी घासायची. बारा वर्षं आम्ही तिला ‘स्वभाव बदल’ म्हणून सांगत राहिलो. मग थायरॉईड वाढलेला निघाला. गोळ्या सुरू झाल्या आणि काही महिन्यांत घरात वेगळीच बाई वावरायला लागली. ती बारा वर्षं आम्ही कोणाला दोष देत होतो?

निफाडकर
तुम्ही दोघं घरातलं बोलताय, जरा शेतात या. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लागलं. डिसेंबरात लाल कांदा काढणीला आला आणि निर्यातबंदीच आली. ती उठली मे 2024 मध्ये. आणि मेहुणा मला विचारतो, ‘तुला कांदा लावायला सांगितलं होतं कोणी?’ रोप टाकलं तेव्हा बंदी नव्हती. सोसायटीचं कर्ज डोक्यावर होतं, पाणी कांद्यापुरतंच होतं. मी काय निवडलं?

गंगापूर रोड
दादा, दरवेळी सरकारवर ढकलून कसं चालेल? तुमच्याच शिवारात कोणी मका केला असेल, कोणी भाजीपाला. त्यांनाही डोकं होतंच ना?

निफाडकर
भाजीपाल्याला रोजचं पाणी तुम्ही देणार? एकदा कांदाचाळीत येऊन सडका कांदा निवडायला बसा. खालून काळं पाणी गळतं, वास केसांत बसतो, दोन दिवस जात नाही. मग सांगा डोक्याचं. शहरात दहा रुपये वाढले की तुमची ओरड, आणि आमचे पडले की ‘निर्णय तुमचा’!

गंगापूर रोड
माझ्या वडिलांनीही द्राक्षबाग मोडली आहे, मला शेती शिकवू नका. गारपिटीनंतर दोन भावांनी दोन वेगळे रस्ते धरले. बांध एक, कर्ज एक. एकाने मोडली, दुसऱ्याने ठेवली. हा फरक कुठून आला, तेवढं सांगा.

निफाडकर
ज्याने ठेवली त्याच्या मुलाला नोकरी असेल.

गंगापूर रोड
होती. बरं, तेवढं तुमचं खरं.

दाई
मला ‘कारण’ शब्दाचीच भीती वाटते. नणंदेला मूल होत नव्हतं, तर पत्रिकेतला दोष हेच कारण म्हणून तिला त्र्यंबकेश्वरला तीन दिवस नारायण नागबळीच्या विधीला बसवलं. व्याजाने पैसे काढून. नवऱ्याची तपासणी मात्र चार वर्षं कोणी केली नाही. कारणमीमांसा सर, तुमच्या आईचं कारण सापडलं आणि गोळीने ती बरी झाली. प्राक्तनाला गोळी लागू पडत नाही. या दोन गोष्टी एका सुरात बोलू नका, आमच्याकडच्या बायका त्यात भरडल्या जातात.

येवलेकर
नाशिकचे लोक हा वाद घालताहेत आणि येवल्याचं नाव कोणी काढत नाही? 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. साडेपाच वर्षांनी, 13 ऑक्टोबर 1935 ला, बाबासाहेबांनी येवल्यात जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. जन्म हातात नव्हता, हे त्यांनी त्याच वाक्यात मान्य केलं होतं. दीक्षा 1956 ची. मधली 21 वर्षं कोणती रसायनं निर्णय घेत होती? माझे आजोबा त्या निर्णयामागे गेले, म्हणून मी इथे मान वर करून लिहितोय.

कारणमीमांसा
दारं बंद राहिली, हेही कारणच होतं. पण त्या बंद दारापुढून हजारो गेले आणि असा निर्णय एकानेच उच्चारला, याचं उत्तर आज माझ्याकडे नाही. ‘माणूस निवडत नाही’ हे मागे घेतो, ‘एकटा निवडत नाही’ असं वाचा. उंचीचं वाक्य चुकलं. दाईताईंचंही पटलं. पण दोष देण्याबद्दल लिहिलं ते मागे घेणार नाही. आईची बारा वर्षं परत येत नाहीत.

सातपूरची लेक
ते मागे घ्या असं मीही म्हणणार नाही. माझे काका त्याच कारखान्यात होते. तीच मागची गल्ली त्यांनीही धरली होती, दोनदा. जमलं नाही. आम्ही पोरं त्यांना तोंडावर बोलायचो. वडिलांनी मात्र शेवटपर्यंत त्यांना रोज डबा नेऊन दिला, त्याच सायकलवर. मी एकदा विचारलं, तुम्हाला जमलं मग काकांना का नाही? म्हणाले, ‘मला तरी कुठं माहितीये,’ आणि डब्याचं झाकण घट्ट लावत बसले.